संगणकावर गाणी ऐकताना खरखर, गुणगुण आणि दबलेला गळा: डॅक घ्यावं की आधी दुसरं काही तपासावं?

कोमल_निषाद

जाणकारांचा सल्ला हवा आहे. मांडणी अशी: डेस्कटॉप, विंडोज ११, मदरबोर्डवरचंच साउंड, कॅबिनेटच्या पुढच्या ३.५ मिमी सॉकेटमधून केबल आणि पुढे आत अ‍ॅम्प्लिफायर असलेले दोन स्पीकर (तीन पिनांचा प्लग). प्लेअर फूबार२०००, फाइली बहुतेक फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी केलेल्या), थोड्या जुन्या एमपी३.

तक्रारी तीन. एक, गाणं चालू असताना अधूनमधून टक् असा आवाज येतो, कधी क्षणभर सूरच तुटतो. दोन, गाणं थांबवलं की बारीक चिरचिर ऐकू येते, ती माउस हलवला की बदलते, आणि तिच्या खाली सलग गुणगुण असते. तीन, गायकाचा आवाज वाद्यांच्या मागे गेल्यासारखा वाटतो आणि वरच्या पट्टीत फाटतो.

बाहेरचं यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा स्पीकरला लागणारा संकेत करणारं खोकं) घ्यावं असं मनात आहे. कोणतं घेऊ?

तिसरी_पिन

डॅकचा विषय तूर्त बाजूला ठेवा. तीन तक्रारींची कारणं बहुधा तीन आहेत आणि डॅकने त्यातली फार तर दीड जाईल.

आधी साखळी मधोमध तोडून बघा. तीच केबल, तेच स्पीकर, तीच फाइल, पण केबल संगणकाऐवजी मोबाइलला लावा. मोबाइल चार्जरवर नको, बॅटरीवर हवा. सगळं स्वच्छ वाजलं तर केबल आणि स्पीकर सुटले, दोष संगणकाकडे किंवा दोघांच्या जोडणीत. तरीही घाण वाजलं तर संगणकाला हात लावायची गरजच नाही.

माउसबरोबर बदलणारी चिरचिर हे पुढच्या सॉकेटचं नेहमीचं दुखणं आहे. पुढच्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत जी बारीक वायर जाते ती ग्राफिक्स कार्ड आणि पंख्यांच्या वायरींना घासूनच जाते. वर तिचं शील्डिंग यथातथाच. केबल काढून मागच्या हिरव्या सॉकेटला लावा, निम्म्याहून जास्त वेळा विषय तिथेच मिटतो.

त्याच बैठकीत आवाजाच्या पातळ्याही बघा. विंडोजचा व्हॉल्यूम ३० वर आणि स्पीकरचा नॉब पूर्ण वर, ही मांडणी उलटी आहे. साउंड कार्डाची खरखर ठरलेल्या पातळीची असते, नॉब वर नेला की तीही मोठी होते. विंडोज ९० ते १०० वर न्या आणि आवाज स्पीकरच्या नॉबने कमी करा. १०० वर स्पीकर फाटायला लागले तर त्यांच्या इनपुटला एवढं व्होल्टेज झेपत नाही असं समजा आणि ८० वर या.

आता गुणगुण. स्पीकर चालू ठेवून केबल संगणकाच्या बाजूने उपसा. टोक मोकळं लोंबत ठेवू नका, हाताने धरू नका, नाहीतर ते अँटेनासारखं वागून स्वतःच गुणगुणतं आणि निष्कर्ष चुकतो. टोक मोबाइलला लावून बघणं उत्तम. संगणकाला लावल्यावर गुणगुण, मोबाइलवर शांत, असं असेल तर ग्राउंड लूप. संगणक आणि स्पीकर दोघेही अर्थिंगला जोडलेले, शिवाय केबलच्या शील्डने एकमेकांना जोडलेले. त्या वेटोळ्यातून विजेच्या वारंवारतेचा प्रवाह फिरतो. मोबाइलवरही गुणगुण राहिली तर ती स्पीकरच्या पॉवर सप्लायची. कानालाही थोडा फरक कळतो: लूपची सहसा खोल आणि गोल, सप्लायची दुप्पट वारंवारतेवर आणि किंचित करकरीत.

पहिला उपाय फुकटचा: संगणक, मॉनिटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे.

चौकोनी_लहर

तिसरीताई, +१. टक् आवाजाबद्दल माझी भर.

सगळ्यात आधी एक गोष्ट नक्की करा: आवाज गाण्यात त्याच जागी येतो की कुठेही? टक् आला की दहा सेकंद मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा वाजवा. पुन्हा तिथेच आला तर दोष फाइलमध्ये. नाही आला तर संगणक वेळेवर डेटा पुरवत नाही. यासाठी तंबोऱ्यासारखा सलग नाद असलेली फाइल लावा. ठेक्याच्या गाण्यात टक् लपून जातो.

संगणक कमी पडत असेल तर लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर संगणकाला अडवतो ते दाखवणारा प्रोग्रॅम) उतरवून घ्या. गाणं चालू ठेवून, नेटवर काहीतरी डाउनलोड लावून दहा मिनिटं चालू द्या. वरच्या लाल अक्षरांना घाबरू नका, त्याचा निकाल जरा कडकच असतो. ड्रायव्हर्सच्या टॅबवर जा आणि सर्वाधिक एक्झिक्युशन टाइमच्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. विंडोजचं ऑडिओ इंजिन साधारण १०-१० मिलिसेकंदांचे घास घेतं. एखादा ड्रायव्हर प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून बसला तर घास चुकतो आणि तुम्हाला टक् ऐकू येतो. एक मिलिसेकंदाच्या आतली उडी गाणी ऐकण्यापुरती सोडून द्या. रेकॉर्डिंग करणाऱ्याने तिची काळजी करावी.

यादीत वर एनडीआयएस दिसलं तर नेटवर्क. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय दहा मिनिटं डिसेबल करून ऐका, टकटक गेली तर ड्रायव्हर बदला. विंडोज अपडेटमधून आलेला ठेवू नका, मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या उत्पादकाच्या पानावरचा घ्या. ग्राफिक्सचा ड्रायव्हर वर दिसला तरी कृती तीच.

फूबारमध्ये आउटपुटच्या पानावर बफर लेंग्थ १००० मिलिसेकंद ठेवा. गाणी नेटवर्कवरच्या किंवा झोपी जाणाऱ्या बाहेरच्या डिस्कवर असतील तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये, प्लेबॅकखाली, फुल फाइल बफरिंगला फ्लॅक मावेल एवढी मर्यादा द्या. आकडा किलोबाइटमध्ये असतो, १,००,००० म्हणजे साधारण १०० एमबी.

पटदीप

दबलेल्या गळ्याला तीन वेगळी कारणं असू शकतात. ती वेगळी करायला एकच चाचणी पुरते. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, ऑडिओ, तिथे मोनो ऑडिओ (दोन्ही स्पीकरना एकच आवाज) चालू करा.

आवाज जवळजवळ गायबच झाला तर प्लग अर्धवट बसलाय किंवा केबलमधली सामाईक ग्राउंडची तार तुटली आहे. तेव्हा स्पीकरना डाव्या-उजव्यातला फक्त फरक मिळतो. गायक दोन्ही बाजूंना सारखा असल्याने तो वजा होतो आणि मागे उरतात घुमणारी वाद्यं. काही खोल मोबाइल कव्हरमध्ये जाड प्लग पूर्ण बसत नाही, तेव्हाही हेच होतं.

मोनोमध्ये खर्ज गेला आणि आवाज मधोमध न बसता डोक्याभोवती फिरतोय असं वाटलं तर एका स्पीकरच्या तारा उलट्या आहेत. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा असेल तर लाल-काळं तपासा.

मोनोमध्ये गळा ठणठणीत पुढे आला तर केबल ठीक आहे. मग घोळ सॉफ्टवेअरचा. सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, तुमचं उपकरण. ऑडिओ एन्हान्समेंट बंद, स्पेशियल साउंड बंद. मदरबोर्डबरोबर आलेल्या कंट्रोल पॅनेलमध्ये व्हर्च्युअल सराउंड किंवा हॉल, थिएटर असलं काही चालू असेल तर तेही बंद. हे सगळे डाव्या-उजव्यातला फरक फुगवतात आणि मधला गळा पातळ होतो. लाउडनेस इक्वलायझेशन तर हळू आणि मोठा यातलं अंतरच पुसतं. शेवटी जुन्या साउंड पॅनेलमधल्या कॉन्फिगरमध्ये स्टिरिओ आहे ना ते बघा. तिथे ५.१ असेल आणि स्पीकर दोनच, तर सिनेमातले संवाद मधल्या, नसलेल्या स्पीकरकडे जातात.

शून्य_डेसिबल

फाटण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. इक्वलायझर (खर्ज, मधले, वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारी सोय) वापरता का? कुठला, आणि पट्ट्या किती वर आहेत?

कोमल_निषाद

सगळ्यांचे आभार. निकाल देतो.

मागच्या सॉकेटला लावल्यावर चिरचिर पूर्ण गेली. गुणगुण आहे तशीच. मोबाइलवर शांत, म्हणजे लूप. एकाच बोर्डवर घेतल्यावर कमी झाली, गेली नाही. टक् आवाज कुठेही येतात. लेटन्सीमॉनमध्ये एनडीआयएस सगळ्यात वर, ६ मिलिसेकंद. वायफाय डिसेबल केल्यावर दहा मिनिटांत एकही नाही. मोनोमध्ये गळा पुढे येतो. व्हर्च्युअल सराउंड आणि लाउडनेस इक्वलायझेशन दोन्ही चालू होते, बंद केल्यावर गळा जागेवर आला.

फाटणं अजून आहे. इक्वलायझर एपीओ वापरतो: ६० हर्ट्झला +६, ३ किलोहर्ट्झला +४, ८ किलोहर्ट्झला +५. एकूण पातळी ठरवणारा प्रीअ‍ॅम्प ०.

शून्य_डेसिबल

मिळालं. डिजिटलमध्ये ० च्या वर जागाच नसते. आजची बरीच गाणी मुळातच ० ला टेकवून मास्टर केलेली असतात. त्यात +६ म्हणजे व्होल्टेज दुप्पट. ते मावत नाही, मग लाटेचा माथा छाटला जातो किंवा विंडोजचा लिमिटर तो दाबतो. वरच्या पट्टीतली तान म्हणजे ३ किलोहर्ट्झच्या आसपास भरपूर ऊर्जा, ती तिथे फाटणारच.

नियम सोपा: सगळ्यात मोठी वाढ जेवढी, तेवढा प्रीअ‍ॅम्प खाली. शेजारच्या पट्ट्या एकमेकांवर चढतात म्हणून वर एक डेसिबलची सूट ठेवा. तुमच्यासाठी −७. आवाज कमी वाटेल, तो स्पीकरच्या नॉबने भरून काढा. त्याहून बरं म्हणजे वाढवण्याऐवजी जे टोचतंय ते कमी करायचं. खर्ज वाढवावासा वाटतोय तो स्पीकर भिंतीजवळ सरकवून फुकट मिळतो.

एमपी३ ची आणखी एक गोम. मूळ गाणं ० ला टेकलेलं असेल तर एमपी३ उलगडताना काही माथे ० च्या वर जातात, इक्वलायझर नसला तरी. त्यासाठी फूबारमध्ये सगळ्या फाइली निवडून रिप्लेगेन (प्रत्येक गाण्याची पातळी मोजणारी सोय) स्कॅन करा आणि प्लेबॅकमध्ये गेन लावून क्लिपिंग टाळण्याचा पर्याय घ्या. फाइलमधल्या ध्वनीला धक्का लागत नाही, फक्त टॅगमध्ये आकडे लिहिले जातात.

धागावाचक

वाचनखूण साठवली. एक शंका: विंडोजमध्ये १९२ किलोहर्ट्झ २४ बिट निवडलं तर दर्जा वाढतो ना?

शून्य_डेसिबल

नाही. सीडीवरून काढलेली फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट असते. १९२ केलं तर विंडोज मधले नमुने गणिताने भरतं, नवी माहिती येणार कुठून? २४ बिट जरूर ठेवा, व्हॉल्यूम कमी करताना उपयोगी पडतं. वारंवारता मात्र बहुतेक फाइलींची असेल तीच: गाण्यांसाठी ४४.१, सिनेमासाठी ४८. फेरफारच नको असेल तर फूबारच्या आउटपुट यादीत नावापुढे एक्सक्लुझिव्ह लिहिलेला पर्याय निवडा. मग विंडोजचा मिक्सर वाटेत येत नाही. मात्र इक्वलायझर एपीओही वगळला जातो आणि इतर प्रोग्रॅमचे आवाज बंद होतात.

पटदीप

फाइलींचंही एकदा बघाच. स्पेक नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाका. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं काळं दिसलं तर १२८ केबीपीएसच्या एमपी३ पासून बनवलेली असण्याची दाट शक्यता आहे, नाव फ्लॅक असलं तरी. जुन्या ध्वनिमुद्रणात वरचं मुळातच नसतं, पण तिथे कड हळूहळू विरते, सरळ रेषेत कापली जात नाही. व्हिडिओच्या संकेतस्थळावरून ३२० चं एमपी३ करून देणारी जी पानं आहेत, त्यांचे ३२० हे फाइलचं वजन आहे, दर्जा नव्हे.

धागावाचक

आणि ब्लूटूथ हेडफोनवर गाणं मध्येच टेलिफोनवर ऐकल्यासारखं होतं, ते?

चौकोनी_लहर

कुठल्यातरी प्रोग्रॅमने हेडफोनचा माइक उघडला. माइक चालू झाला की हेडफोन ए२डीपी (गाण्यांचा स्टिरिओ मार्ग) सोडून हँड्स-फ्रीवर (फोनवर बोलण्याचा मार्ग) जातो आणि तिथे सहसा ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा मोनो आवाज मिळतो. मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेगळा यूएसबी माइक निवडा. तुटक येत असेल तर ब्लूटूथचा डोंगल यूएसबी ३ च्या सॉकेटशेजारून हलवा, तिथला गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. छोटी एक्स्टेन्शन केबल पुरते.

कोमल_निषाद

प्रीअ‍ॅम्प −७ केल्यावर फाटणं गेलं. उत्पादकाच्या पानावरचा वायफाय ड्रायव्हर टाकलाय, टकटकही नाही. उरली फक्त गुणगुण. आता तरी डॅक?

तिसरी_पिन

आता विचारायला हरकत नाही, पण यूएसबीवर चालणारं नको. यूएसबीच्या केबलमध्येही ग्राउंडची तार असते, लूप तसाच राहतो. तुम्ही डॅक बदलाल आणि गुणगुण नव्या डॅकमधून येईल.

दोन रस्ते आहेत. स्वस्त रस्ता: ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. गुणगुण जाते, पण छोट्या गाभ्याचा असला तर मोठ्या आवाजात खर्ज मलूल आणि गढूळ होतो. टेबलावरच्या लहान स्पीकरना चालून जातं.

पक्का रस्ता: मदरबोर्डच्या मागे चौकोनी झाकणाचं ऑप्टिकल सॉकेट आहे का बघा. असेल तर ऑप्टिकल इनपुट आणि आरसीए (लाल-पांढरी गोल सॉकेटं) आउटपुट असलेलं साधं डॅक घ्या. ते संगणकाच्या यूएसबीवर चालवू नका, दोन पिनांच्या वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर चालवा. प्रकाशातून वीज जात नाही, वेटोळं तिथेच तुटतं. खोक्यावर ९६ किलोहर्ट्झपर्यंत लिहिलं असलं तरी तुमच्या फाइलींना भरपूर झालं. सोन्याचा मुलामा वगैरे वाचून भुलू नका.

तुमच्या स्पीकरना मागे बॅलन्स्ड (तीन तारांचं) इनपुट असेल तर तिसरी वाटही उघडते, तेव्हा मागच्या सॉकेटांचा फोटो टाका.

कोमल_निषाद

ऑप्टिकल सॉकेट आहे. बॅलन्स्ड नाही.

तिसरी_पिन

मग ठरलं. डॅक आल्यावर विंडोजमध्ये आउटपुट म्हणून डिजिटल ऑप्टिकल निवडायला लागेल, ते आपोआप होत नाही. इक्वलायझर एपीओचा डिव्हाइस सिलेक्टर (जुन्या आवृत्तीत कॉन्फिग्युरेटर) उघडून त्या नव्या उपकरणापुढे खूण करा आणि संगणक रीस्टार्ट करा, नाहीतर तो फक्त जुन्या आउटपुटवर चालेल. केबल कोपऱ्यात दुमडू नका. आणि जोडण्याआधी दोन्ही टोकांवरची पारदर्शक प्लास्टिकची टोपणं काढा. ती इतकी घट्ट बसलेली असतात की लोक तशीच खुपसतात आणि डॅक बिघडलंय म्हणून परत पाठवतात.