निआस बेटावर लाकडी घरं उभी राहिली, मग आपण घरकुलात स्लॅबच का टाकतोय?

मेळघाटातला मास्तर

३० सप्टेंबर २०२४ च्या दुपारी आमच्याकडे ४.२ चा धक्का बसला. मी वर्गात होतो. पोरं मैदानात आणली, मोजली, आणि शाळा सुटल्यावर गावातून चक्कर मारली. कुडाच्या घरांचे दोन-चार कवेलू (छपराची कौलं) सरकलेले, बाकी काही नाही. आदल्या वर्षी बांधलेल्या एका घरकुलाला मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून वरपर्यंत तिरपी भेग गेलेली.

तेव्हापासून मला निआस आठवतं. सुमात्राच्या पश्चिमेला हे बेट आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीला तीन महिने होतात न होतात तोच, २८ मार्च २००५ च्या रात्री तिथे ८.६ चा भूकंप झाला. माणसं हजाराच्या आसपास गेली. गुनुंगसितोली या मोठ्या गावात सिमेंटच्या इमारतींचा मजल्यावर मजला बसला. पण जुन्या पद्धतीची लाकडी घरं बहुतेक टिकली. त्यांचे खांब जमिनीत पुरलेले नसतात, दगडावर नुसते टेकवलेले असतात. उभ्या खांबांच्या मधे तिरपे खांब, आणि सांधे खिळ्यांशिवाय एकमेकांत अडकवलेले. जमीन हलली की घर हलतं आणि परत जागेवर येतं.

आमच्या कोरकू घरातही खांब, मयाल (आडवी तुळई), बांबूचा कूड आणि वर मातीचा लेप. वजन कमी, सांधे लवचीक. असं घर नीट बांधायला घरकुलाचे पैसे का मिळू नयेत? माझं म्हणणं आहे, मेळघाट आणि गडचिरोलीत ते मिळालेच पाहिजेत.

गवंडी, २२ वर्सं

सर, ते भेग स्लॅबच्या पापानं नाई पडली, कामाच्या पापानं पडली. तवा घरकुलाले एक लाख वीस हजार भेटत होते. त्यात रेती इकत, लोहा इकत, मजुरी अलग. मंग घरमालक म्हनते, लिंटेलची पट्टी दारा-खिडकीवर टाक, साऱ्या भिंतीवरून फिरवाची कायले? चार इंची भिंतीवर स्लॅब ठेवते. मे महिन्यात प्याले पानी नसते, तराई (सिमिटावर पानी मारनं) कुठून कराव? कॉलमची रिंग नऊ-नऊ इंचावर बांधून मोकये होते. ते चार-पाच इंचावर पाह्यजे, अन् तिचं टोक आतमंदी वयवा लागते, नाईतं हादरा बसला का रिंग उघडते. मले हे ४५ दिवसाच्या गवंडी ट्रेनिंगमंदी समजलं. त्याच्या आंधी माह्या हातानं बांधलेली घरं हायेत गावात, त्याइच्यात लोकं झोपतेत. मले त्याची झोप लागत नाई.

अन् सागाची बल्ली आनाव कुठून? जंगलातून आनली तं केस लागते. इकत आनली तं अख्खा घरकुलाचा पैसा छपराच्या आंधीच सरते.

अकोट तालुक्यातली सून

कवेलूच्या घरात मी चौदा पावसाळे काढले. दरवर्षी मिरगाच्या आधी फेरणी करावी लागते, आणि आता फेरणारा माणूस मिळत नाही. माकडांची टोळी एका सकाळी शंभर कवेलू फोडून जाते. रात्री पाणी गळतं तिथे गंज-बगुणे मांडत बसायचं, कुडातून विंचू निघतो, आणि घरात तान्हं लेकरू. स्लॅब पडला त्या वर्षी माझ्या सासूबाई पहिल्यांदा पावसात निवांत झोपल्या. भूकंप कधीतरी येतो, माकडं रोज येतात. मास्तर, तुमच्या भावनेचा मान ठेवून सांगते, कुडाचं घर चांगलं असं बोलणाऱ्यांपैकी त्यात राहणारी बाई मला अजून भेटली नाही.

माहेर औसा, सासर यवतमाळ

माती-लाकडाचं कौतुक वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. मी नऊ वर्षांची होते. आमच्या भागातली घरं दगड-मातीची, दोन-अडीच फुटी भिंती, वर मातीचं जाड माळवद. भूकंप ६.२ चा, निआसच्या पुढे काहीच नाही, तरी किल्लारी-सास्तूर भागात आठ-दहा हजार माणसं गेली.

पण जे डोळ्यांनी पाहिलं तेही सांगते. काकांच्या वाड्यात सकाळी सागाचा खण (खांबांचा सांगाडा) तसाच उभा होता, तुळयांसकट. भिंत तेवढी आत कोसळली होती. काकू भिंतीखाली सापडली. भिंतीच्या आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेलेच नव्हते, मधे नुसती माती आणि चिपा. आरपार जाणारे दगड घातले असते तर, असं नंतर दुरुस्तीच्या कामावरचे लोक सांगायचे. तेव्हा मला ते ऐकवत नव्हतं.

म्हणून मास्तर, तुमचं अर्धं मान्य. पण "जुनं ते टिकतं" असं गावात सांगू नका. कोणी दगड-मातीचं घर तसंच ठेवेल.

चंद्रपूरचा

४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३ चा धक्का सकाळी आम्हालाही जाणवला. सगळे घरातच उभे राहून एकमेकांना फोन करत होते. माझा आक्षेप या सगळ्या चर्चेलाच आहे. घर बांधायला वर्षं जातील, बाहेर पडायला काही सेकंद लागतात.

निआसच्याच वायव्येला सिमेउलुए बेट आहे. १९०७ च्या त्सुनामीनंतर तिथल्या आज्यांनी नातवंडांना "स्मोंग"ची गोष्ट सांगितली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळा. २००४ ला ते बेट केंद्राच्या अगदी जवळ होतं. सुमारे ७८ हजार वस्ती, मेली सात माणसं. आपल्या गावात अशी एक तरी गोष्ट आहे का?

आणि सरकारी नमुन्याच्या घराचं म्हणाल तर निकोबार बघा. खांबांवरची गोल गवती घरं २००४ च्या लाटेत गेली, माणसं आधी पत्र्याच्या शेडमध्ये तापली, मग एकसारख्या घरांत एकेक जोडपं वेगळं बसवलं गेलं. त्यांची "तुहेत" म्हणजे जमीन आणि चूल सांभाळणारं मोठं कुटुंब. ते त्या घरांत मावलं नाही. तुमचं लाकडी घरसुद्धा वरून नमुना म्हणून आलं तर तेच होईल.

मेळघाटातला मास्तर

औशाच्या ताई, तुमच्या काकूंबद्दल वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. "जुनं ते टिकतं" हे मी शब्दांत म्हटलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला तसंच वाटेल, हे कबूल. अकोटच्या ताईंनी सांगितलेली माकडं मीही विसरलो होतो.

लाकडाची मागणी मी सोडत नाही, पण ती आता बांबूपुरती ठेवतो. बांबू आमच्याकडे आहे, आणि कुडाच्या वर सिमेंटचा पातळ लेप देऊन, वर पत्रा टाकून माकडांचाही बंदोबस्त होतो. चंद्रपूरच्या भाऊंशी मात्र अजिबात सहमत नाही. किल्लारीत पहाटे चारला पळायला कोणाला वेळ मिळाला? पोरांना पळायचं शिकवीनच, पण रात्री ती झोपतात त्या भिंतीचं काय?

गवंडीभाऊ, ती भेग पडलेलं घरकुल पाहायला याल का? त्या घरात म्हातारा एकटाच राहतो.

गवंडी, २२ वर्सं

येतो. भेग किती रुंद हाय, नख जाते का बोट जाते, ते पाहून ठेवा. बोट जात असन तं बुवाले आजपासून त्या घराच्या बाहेर झोपवा. कोपऱ्याकोपऱ्याले जाळी मारून प्लास्टर करता येते, दोन दिवसाचं काम हाय. सिमिटाच्या दोन बोऱ्या आनून ठेवा, मजुरी मले नोको.