वाड्यातील कौटुंबिक तैलचित्राचे काम अडले आहे, मार्गदर्शन हवे

वाडेकरी : जुन्या नाशकात आमच्या घराण्याचा इनामदारीच्या काळातील वाडा आहे. दिवाणखान्यात सबंध कुटुंबाचे भव्य तैलचित्र असावे, अशी थोरल्या काकांची फार दिवसांची इच्छा असल्याने शहरातीलच एका चित्रकारांना विसार देऊन काम सोपवले. त्यांचे कच्चे रेखाटन सर्वांना पसंत पडले होते. परंतु नंतर मधल्या खुर्चीवर काकांनी बसावे की ऐंशी ओलांडलेल्या आजींनी, परदेशातील चुलतभावाला छायाचित्रावरून घ्यावे काय, आणि ज्या चुलतबहिणीचा घटस्फोटाचा दावा कोर्टात आहे तिच्या यजमानांचे काय करावे, यांवरून इतके मतभेद झाले की प्रत्येक जण चित्रकारांना परस्पर फोन करून निराळीच सूचना देऊ लागला. घरात एकमत होईपर्यंत पुढे काम करणार नाही, असे त्यांनी आता कळवले आहे, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. अशी कामे पूर्वी कशी निभावली जात? नव्याने करार करताना काय लिहावे?

तैलरंग : घरोघरी मातीच्या चुली, राजवाडेही त्याला अपवाद नाहीत. स्पेनचे तत्कालीन राजे हुआन कार्लोस यांच्या कुटुंबाचे चित्र स्पॅनिश चित्रकार आन्तोनियो लोपेझ यांच्याकडे १९९४ साली सोपवले गेले आणि ते लोकांसमोर आले डिसेंबर २०१४ मध्ये. लोपेझ छायाचित्रांवरून काम करत होते, तरी वीस वर्षे लागली. तेवढ्या अवधीत तिन्ही मुलांची लग्ने झाली, थोरल्या मुलीचा घटस्फोट झाला आणि चित्र लागण्यापूर्वीच राजांनी गादी सोडली. चित्रात मात्र राजा, राणी आणि तीन अपत्ये एवढे पाचच जण आहेत. जावई नाहीत, सूनही नाही. तुम्हीही असा सरसकट नियम केलात, तर चुलतबहिणीच्या यजमानांना मुद्दाम वगळले असे कोणी म्हणणार नाही. अर्थात मग घरच्या सुनांनाही बाहेर ठेवावे लागेल, आणि ते तुमच्या वाड्यात कितपत पचेल हे तुम्हीच जाणता.

गोदाकाठ : सुनांना वगळण्याचा सल्ला मला पटत नाही. दावा चालू असला तरी आज जे नाते आहे ते चित्रात असू द्यावे. इंग्लंडमधील ब्लेनहाइम राजवाड्यासाठी चित्रकार सार्जंट यांनी १९०५ साली तिथले धनी, नववे ड्यूक ऑफ मार्लबरो, यांच्या कुटुंबाचे प्रचंड चित्र केले. पती-पत्नी पुढच्याच वर्षी विभक्त झाले, तरी चित्र त्याच वास्तूत राहिले. खुर्चीच्या वादासाठीही तेच चित्र पाहावे. ड्यूक पत्नीपेक्षा ठेंगणे होते, म्हणून सार्जंट यांनी त्यांच्या पत्नी कॉन्सुएलो यांना वरच्या पायरीवर उभे केले, म्हणजे उंचीतील फरक पायऱ्यांमुळे वाटावा. आजी बसलेल्या आणि काका मागे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे, अशी रचना केल्यास काकांचाही मान राहतो. शिवाय त्या वयात आजींना उभे ठेवणार तरी कसे?

चुलतभावासाठी सर्वांनी एकत्र बसण्याची वाट पाहू नये. स्पॅनिश चित्रकार गोयाने स्पेनचा राजा चौथा कार्लोस याच्या कुटुंबाचे चित्र (१८००-०१) करताना आरांखुएझ येथील राजवाड्यात एकेकाची स्वतंत्र अभ्यासचित्रे आधी केली होती. भाऊ सुटीला येईल तेव्हा त्याची एकट्याची बैठक घेता येईल. छायाचित्रावरूनच करायचे झाल्यास, उरलेल्या चित्रात उजेड ज्या बाजूने येतो त्याच बाजूच्या उजेडात ते नव्याने काढून मागवा, नाहीतर तो एकटाच चिकटवल्यासारखा दिसेल.

कुंचलेवाला : मी स्वतः व्यक्तिचित्रे करतो. चित्रकारांशी बोलण्याचा अधिकार घरातील एकाच व्यक्तीला असेल, हे करारातले पहिले कलम असावे. बाकी सर्वांनी आपले म्हणणे त्या व्यक्तीकडेच मांडावे. रेखाटनावर, आणि त्यानंतरच्या लहान रंगीत प्रारूपावर, घरातील सर्व थोरांच्या सह्या घ्याव्यात व प्रत्येक टप्प्याला ठरलेला हप्ता द्यावा. सह्यांनंतर माणूस वाढला किंवा जागा बदलली तर वेगळे मानधन पडेल, असे स्पष्ट लिहावे. अंतिम व्हार्निश रंग पुरता सुकल्यावर, म्हणजे साधारण सहा महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा लागते. त्या कामाचाही उल्लेख असू द्या.

शिवाय दारे आजच मोजा. जुन्या वाड्यांची दारे बुटकी असतात आणि आठ-दहा फुटी ताणलेला कॅनव्हास त्यांतून आत जात नाही. मग तो रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर गुंडाळून न्यावा लागतो आणि चौकटीवर पुन्हा आतच ताणावा लागतो. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. तीच भिंत हवी असेल, तर चौकटीमागे हवा खेळेल इतके अंतर सोडा.