‘अँटिट्रस्ट’ला ‘विश्वासविरोधी’ म्हणायचं का?

प्रश्न: अमेरिकी फुटबॉलमधल्या रेडर्स खटल्यावर लिहितेय. मालकाला संघ ऑकलंडहून लॉस एंजेलिसला न्यायचा होता, लीगने अडवलं आणि 1982 साली ज्युरीने लीगविरुद्ध निकाल दिला. खटला ‘अँटिट्रस्ट’ कायद्याखालचा. भाषांतरयंत्र ‘विश्वासविरोधी कायदा’ म्हणतं, ते खटकतंय. ‘मक्तेदारीविरोधी’ चालेल का?

प्रतिसाद: ‘विश्वासविरोधी’ नकोच, ताई. इथला ट्रस्ट म्हणजे भरवसा नव्हे. 1882 मध्ये स्टँडर्ड ऑइलच्या भागधारकांनी आपले शेअर नऊ विश्वस्तांच्या हवाली केले आणि वेगवेगळ्या तेलकंपन्या एका मुठीत आल्या. अशा व्यापारी जुटींना लोक ‘ट्रस्ट’ म्हणू लागले. 1890 चा शर्मन कायदा त्यांच्याविरुद्ध आला. ‘न्यासविरोधी’ लिहिलं तर मराठी वाचकाला देवस्थानं आणि शाळा आठवतील. ‘मक्तेदारीविरोधी’ रुळलेला आहे, तोच ठेवा.

प्रतिसाद: रुळलेला खरा, पण या खटल्याला नीट बसत नाही. मक्ता एकाच्या हाती असतो: जकातीचा मक्ता, दारूचा मक्ता. इथली तक्रार वेगळी. दुसऱ्या संघाच्या भागात (इथे लॉस एंजेलिस भागातल्या रॅम्स संघाच्या) जायचं तर तीन चतुर्थांश मालकांची संमती लागे. 1980 च्या मतदानात 22 मतं विरोधात पडली, बाजूने एकही नाही, 5 जण तटस्थ. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले मालक एकत्र बसून एकाची वाट अडवतात, याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: संगनमत. शर्मन कायद्याच्या पहिल्या कलमाचा रोख त्यावरच आहे. आणि लीगचा बचावही या शब्दातूनच कळतो. आम्ही सगळे मिळून एकच व्यवसाय आहोत, असं लीग म्हणत होती. संगनमताला निदान दोघं लागतात ना! 1984 मध्ये अपील न्यायालयानेही तो बचाव मानला नाही.

प्रश्नकर्ती: मग कायद्याला ‘स्पर्धा कायदा’ म्हणू?

प्रतिसाद: म्हणा. आपलाही 2002 चा ‘स्पर्धा अधिनियम’च आहे. फक्त खेळाच्या लेखात ‘स्पर्धा’ म्हटलं की वाचकाला करंडक दिसतो. 2013 मध्ये स्पर्धा आयोगाने बीसीसीआयला 52.24 कोटींचा दंड केला, कारण आयपीएलच्या प्रक्षेपण करारात दुसऱ्या प्रतिस्पर्धी लीगला मान्यता न देण्याची हमी होती. आमच्या बाबांना तेव्हा वाटलं, हा आयोग सामने भरवतो. म्हणून पहिल्यांदा ‘बाजारातल्या स्पर्धेचा कायदा’ लिहा, पुढे नुसतं ‘स्पर्धा कायदा’.

प्रतिसाद: ‘स्थलांतर’ हा शब्दही सरसकट वापरू नका. 1984 मध्ये कोल्ट्स संघाने रातोरात ट्रकांत सामान भरून बाल्टिमोर सोडलं आणि इंडियानापोलिस गाठलं; तिथे ‘गाशा गुंडाळला’च हवं. 1996 मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सचे खेळाडू बाल्टिमोरला गेले, पण नाव, रंग आणि विक्रम क्लीव्हलंडकडेच राहिले. त्याला ‘संघाचं स्थलांतर’ म्हणणं क्लीव्हलंडकरांवर अन्याय होईल. ‘मालकाने खेळाडू हलवले’ म्हणावं.

प्रश्नकर्ती: पटलं. शेवटचं एक, ‘होम टेरिटरी’ला ‘गृहक्षेत्र’?

प्रतिसाद: ‘हद्द’ म्हणा. लीगच्या नियमात ती शहराच्या सीमेपासून चहूबाजूंनी 75 मैल मोजलेली आहे, आणि मोजून आखलेल्या जागेला आपण हद्दच म्हणतो.

प्रश्नकर्ती: मग वाक्य असं लिहिते: ‘रॅम्सच्या हद्दीत शिरायला रेडर्सना मालकांनी संगनमताने केलेली मनाई स्पर्धा कायद्यापुढे टिकली नाही.’