धनुष्यावरच लावायचा भाता: कामाचा की नुसता बोजा?

तापीकाठ (धागा सुरू करणारा)

चोपडा, यावल, शिरपूर पट्ट्यात कंपाउंडवर (चाकं आणि केबलवालं धनुष्य) थ्रीडी (प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम) आणि फील्डचा (रानात ठेवलेल्या कागदी लक्ष्यांवर नेम) सराव करणारे बहुतेक जण कमरेला भाता बांधतात. माझं मत उलट आहे. सातपुड्याच्या पायथ्याला बोरी, बाभळी आणि घाणेरीचं गचपण असतं. तिथे कमरेचा भाता मांडीवर आपटतो, खाली वाकलं की बाण पुढे सरकतात आणि पंख काट्यात अडकतात. धनुष्य हातात असतंच, बाणही त्याच्यावरच असलेले बरे.

घेताना काय बघायचं ते सांगतो. बाण पाचच मावावेत, सहा किंवा आठवाला नको. टोकं झाकणारी, आत फोम असलेली टोपी इतकी खोल हवी की टोक पूर्ण आत जाईल. बाण धरणारे रबरी ग्रिपर दोन हवेत. एकाच ग्रिपरचा भाता स्वस्त पडतो, पण त्यात बाणाचं शेपूट हलतं आणि सुटल्यावर खडखड होते. ग्रिपर कोणत्या जाडीच्या बाणासाठी आहे ते विचाराच. नेहमीच्या जाडीसाठी केलेल्या खाचेत बारीक, ४ मिलिमीटरवाला बाण ढिला बसतो आणि उतारावर निसटतो. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाता रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या पकडीच्या भागाला, जितका चिकटून बसेल तितका चांगला. कोणाला पटत नसेल तर कारणासकट लिहा.

लळिंग

पटत नाही. हा भाता ज्या कामासाठी तयार झाला ते काम वेगळं. परदेशातला शिकारी दिवसभर दबा धरून बसतो, एखादाच बाण सोडतो, आणि दुसरा लागलाच तर तो हाताशी हवा असतो. थ्रीडीत २४ लक्ष्यं, प्रत्येकाला २ बाण. फील्डमध्ये २४ लक्ष्यं आणि प्रत्येकी ३, म्हणजे ७२ बाण. एवढ्या वेळा तो बोजा हातभर लांब तोलून धरायचा?

हिशोब करा. रिकामा भाता २७० ग्रॅम धरू. ४०० ग्रेनचा बाण २६ ग्रॅमचा, पाचांचे १३०. झाले ४०० ग्रॅम. हे वजन उजव्या हाताच्या धनुष्यावर उजव्या बाजूला, मध्यापासून ५ सेंटिमीटरवर लटकतं. साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, तीही त्याच बाजूला. धनुष्य उजवीकडे कलणार, बाण उजवीकडे जाणार. २६० फूट प्रति सेकंदाच्या बाणाची ४० मीटरला साधारण सव्वा मीटर घसरण होते. धनुष्य २ अंश कललं तर बाण ४ सेंटिमीटर बाजूला पडतो. २० मीटरला हाच फरक जेमतेम १ सेंटिमीटर, म्हणून जवळच्या सरावात कोणाच्या लक्षात येत नाही.

तापीकाठ

लळिंगभाऊ, हिशोब बरोबर आहे, पण अर्ध्यावर सोडलात. ४०० ग्रॅम गुणिले ५ सेंटिमीटर म्हणजे २०००. डाव्या बाजूला मागचा दांडा लावून त्याच्या टोकाला २०० ग्रॅम, मध्यापासून १० सेंटिमीटरवर आणा. तेही २०००. तोल जुळला. साइटमधल्या पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा मध्यभागी ठेवायचा, संपलं.

आणि बाण कमी होत जातात म्हणून तोल बदलतो म्हणाल, तर थ्रीडीत पहिला बाण सोडताना भात्यात ४ उरलेले, दुसऱ्याला ३. मग बाण काढून आणले की परत ५. फरक एका बाणाचा, २६ ग्रॅमचा. फील्डमध्ये ४, ३, २. तेवढ्यानं कोणाचा निकाल लागत नाही.

अनेर धरण

तोल जुळवण्यासाठी अजून २०० ग्रॅम आणि एक दांडा? म्हणजे भात्यापायी ६०० ग्रॅम हातात. आते काय सांगू भो! बैल हलका करायला गाडीत दगड टाकल्यासारखं झालं.

बुडबुड्याचं सांगतो, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. धनुष्य उजवीकडे कलतं म्हणून हात नकळत मनगटाने ते सरळ करतो. बुडबुडा मध्यभागी दिसतो, आपण खूश. पण पकडीवर पीळ राहतो. बाण सुटताना पकड क्षणभर सैल झाली की तो पीळ धनुष्य फिरवतो, मग बाण कधी डावीकडे, कधी उजवीकडे. बुडबुडा अगदी सरळ आणि लागलेल्या बाणांचा गट आडवा पसरलेला, असं दिसलं की समजा पीळच आहे. साइट फिरवून हे जात नाही.

वारा वेगळाच. पाच बाण, प्रत्येक ७२ सेंटिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर जाड, म्हणजे बाजूने २१६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, पंख आणि टोपी सोडून. ए-फोर कागदाचा तिसरा हिस्सा झाला. रावेर-यावलकडे केळीच्या बागेभोवती शेवरीची दाट रांग लावतात, ती उगाच नाही. मे महिन्यात पानं चिरून काढणारा तो वारा या कागदाला ढकलतो तेव्हा साइटची पिन लक्ष्यावर थांबतच नाही.

केळीवाला

दोघंही टोकाला गेलात. पटकन निघणारा भाता घ्या. चालताना धनुष्यावर, लक्ष्यापाशी आलं की खटका उघडून काढला आणि जमिनीवर किंवा झाडाला टेकवला. वजन नाही, वारा नाही.

लळिंग

खटक्याचा भाता म्हणजे दोन वेगळी धनुष्यं सांभाळणं. लावून सराव, काढून स्पर्धा, किंवा उलट. शिवाय २४ लक्ष्यांत ४८ वेळा लावकाढ. प्लॅस्टिकचा खटका आधी झिजतो, मग त्यात सूतभर हालचाल येते आणि खडखड सुरू. खाचेत आपली काळी माती गेली की सँडपेपरच. आणि कृपा करून तिथे तेल घालू नका, धूळ चिकटून अजून घाण होते. पातळ फेल्टची पट्टी चिकटवा, फार तर ग्रॅफाइटची पूड.

केळीवाला

फेल्ट लावली की प्रश्न सुटला ना मग!

सातमाळा

मध्येच बोलतो. बाजारात या मालावर 'हंटिंग क्विव्हर' (शिकारीचा भाता) लिहिलेलं असतं म्हणून नवीन पोरं भलतंच समजतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने शिकार बंद आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही येतो. कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. यावल आणि अनेर धरण ही दोन्ही अभयारण्यं आपल्याच भागात आहेत. त्यामुळे धनुष्याला भाता लटकवून तिकडे फिरायला जायचं नाही, मग बाण गोल टोकाचे का असेनात. सराव खासगी शेतात, मालकाला विचारून, मागे मातीचा उंच बांध असेल तिथेच.

पात्याच्या टोकांचा इथे काही उपयोग नाही. पात्यांसाठी वापरलेला टोपीतला फोमही घेऊ नका. पात्यांनी त्यात चिरा पडतात आणि त्या चिरेत गोल टोक धरत नाही.

तापीकाठ

बरोबर. हे वरच लिहायला हवं होतं, राहून गेलं.

हातोडी-पाना

भाता कोणताही घ्या, बसवताना निम्मे लोक रायझर खराब करतात, त्यावर कोणीच लिहिलं नाही.

साइट आणि भात्याची पट्टी रायझरच्या एकाच दोन भोकांत बसते. साइटच्या वर पट्टी आली की साइटसोबत मिळालेले स्क्रू तोकडे पडतात, आणि माणूस निघतो हार्डवेअरच्या दुकानात. तिथे मिळतो एम-५. दिसायला तोच. पण रायझरची भोकं १०-२४ मापाची असतात, म्हणजे व्यास ४.८३ मिलिमीटर आणि इंचात २४ आटे, एका आट्याचं अंतर १.०६ मिलिमीटर. एम-५ चा व्यास ५ आणि आटा ०.८. पहिले एक-दोन फेरे बोटाने जातात, मग जड होतं. माणसाला वाटतं घट्ट बसतोय, तो ॲलन की दाबतो. स्क्रू पोलादाचा, रायझर ॲल्युमिनियमचा. आटे कापले जातात आणि बाहेर येताना चांदीसारखा चुरा घेऊन येतो. तो चुरा दिसला तर तिथेच थांबा.

पद्धत अशी. स्क्रू १०-२४ चाच मागवा. पट्टी आणि साइट धरून निदान पाच-सहा आटे रायझरमध्ये जातील एवढी लांबी घ्या. फार लांबही नको, आरपार गेला तर खिडकीच्या (रायझरमधली बाण जाण्याची जागा) बाजूने डोकावतो आणि बाणाला किंवा रेस्टला (बाण टेकतो तो आधार) लागतो. आधी दोन्ही स्क्रू बोटाने पूर्ण फिरवा. बोटाने जात नसेल तर माप चुकलंय. मग काढून निळ्या लॉकटाइटचा (आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब, लाल नको, तो तापवल्याशिवाय निघत नाही. ॲलन कीची लांब बाजू भोकात घालून आखूड बाजूने आवळा, म्हणजे जोर आपोआप मर्यादित राहतो.

नंतर भात्यात पाचही बाण घालून, दोरीवर वेगळा बाण चढवून, लक्ष्याच्या दिशेने धनुष्य हळू ओढा आणि दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला सांगा. केबल आणि पंखांमध्ये सगळीकडे बोटभर तरी जागा दिसली पाहिजे, कारण ओढताना केबल जागा बदलते. बाण न लावता कोरं सोडू नका, लिम्ब, म्हणजे धनुष्याची वाकणारी बाही, फुटतं.

अनेर धरण

एम-५ चं सोन्यासारखं सांगितलं अण्णा. त्यात एक भर. आखूड कंपाउंडवर २९ इंची बाणांची शेपटं खालच्या कॅमच्याही (चाकाच्याही) खाली येतात. धनुष्य जमिनीवर टेकवलं की नॉकच्या, म्हणजे बाणाच्या दोरीत बसणाऱ्या टोकाच्या, खाचेत माती. ओली काळी माती वाळली की खाच अरुंद होते, नॉक दोरीवर जबरदस्तीने बसतो आणि सुटताना दोरीला जास्त घट्ट धरतो. बाण खाली का लागतोय म्हणून मग साइट फिरवत बसतात. धनुष्य टेकवायला दोन पायांचा स्टँड वापरा, नाहीतर खांद्याच्या पट्ट्यावर लटकवा. कमरेच्या भात्यात हा प्रश्नच येत नाही, एवढं मात्र नमूद करतो!

बांबूची कामठी

धडगाव-अक्कलकुवाकडच्या बांबूच्या धनुष्यावर हा भाता बसेल का? पट्ट्याने बांधायचेही मिळतात म्हणे.

हातोडी-पाना

बसवू नका. पट्टावाला भाता लिम्बला बांधतात, तो रिकर्व्हसाठी, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यासाठी. बांबूच्या धनुष्यात पकडीपासून थोड्याच अंतरावर लिम्ब वाकायला लागतं. वाकणाऱ्या भागावर पट्टा आला तर तो घसरतो, घासतो आणि बांबूची वरची साल दुखावते. तीच साल ताण झेलते. शिवाय लिम्बला वजन बांधलं की बाणाचा वेग गेला. तिथे पाठीवरचा भाताच शहाणपणाचा.

भुसावळचं ऊन

उन्हाचं कोणी बोलायला तयार नाही, म्हणून मी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीत ४५ म्हणजे बंद गाडीत ६० च्या वर. ज्यांची टोकं गरम करून लावायच्या गोंदाने बसवलेली आहेत, त्यांचा गोंद तिथे मऊ होतो. गाडीतून धनुष्य काढलं, भात्यातून बाण ओढला, तर बाण हातात आणि टोक फोममध्ये! बाणाच्या काडीत टोक हलतंय का ते बोटाने पिळून बघितल्याशिवाय बाण चढवू नका. इन्सर्ट (काडीच्या तोंडातली आट्यांची नळी) इपॉक्सीने बसवा, टोक स्क्रूचं ठेवा.

रबरी ग्रिपर दोन-तीन उन्हाळ्यांत एकतर चिकट होतो किंवा चिरतो. सुटा ग्रिपर वेगळा मिळतो की नाही, हे विकत घेतानाच विचारा. आणि पावसाळ्यात ओला फोम टोपीत तसाच ठेवला तर टोकं गंजतात. फोम बाहेर काढून वाळवता येतो का, तेही बघा.

लळिंग

हे सगळं वाचून तरी तापीकाठ दादांनी कमरेचा भाता घ्यावा.

तापीकाठ

नाही घेणार. पण अनेरभाऊंचा पिळाचा मुद्दा मान्य आहे आणि तो नुसता बोलून सुटणारा नाही, मोजूनच बघायचा. पद्धत सुचवतो. ४० मीटर, सकाळी वारा सुटायच्या आधी. तीन स्थिती घ्यायच्या. भात्यात ५ बाण, भात्यात २ बाण आणि भाता काढून. मारायचे बाण वेगळे, प्रत्येक स्थितीत ३-३ चे चार गट. एका स्थितीचे चारही गट सलग मारू नका, शेवटी हात थकतो आणि दोष भात्यावर जातो. तिन्हींची पाळी बदलत राहा. कागदावर दोन गोष्टी मोजा. गटाचा मध्य डावी-उजवीकडे किती सरकला आणि गटाची आडवी रुंदी किती. मध्य सरकला पण रुंदी तीच राहिली, तर तोलाचा प्रश्न. मागच्या दांड्याने सुटेल. रुंदी वाढली तर पीळ, मग अनेरभाऊ म्हणतात ते खरं.

अनेर धरण

मान्य. फक्त एक चौथी स्थिती घाला, भरलेला भाता आणि दुपारी चारचा वारा. तिथे रुंदी किती येते ते लिहा, मग बोलू.

केळीवाला

आणि खटक्यावर फेल्ट लावून पाचवी.