युगांडाहून आलेल्या मुलाच्या अंगठ्याला फुगवटा: कुरूप आहे का?

रामबागची आई:
मुलगा युगांडातल्या एका खेड्यात शाळेच्या बांधकामावर होता, नुकताच इंदूरला परतलाय. पायाच्या अंगठ्याला, नखाच्या अगदी कडेला वाटाण्याएवढा पांढरट फुगवटा आहे आणि बरोबर मधोमध काळा ठिपका. रात्री खाज, बूट घातला की ठणका. शेजारच्या वहिनी म्हणतात कुरूप आहे, पट्टी लावा. सासूबाई सुई तापवायच्या तयारीत. काय करू?

मल्हारगंजकर:
काकू, नखुरडं असेल. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसायला सांगा.

निवृत्त सिस्टर:
ताई, आधी ती सुई आत ठेवायला सांगा. केनियात नर्स होते तेव्हा असे पाय रोज बघायचे. तिकडे याला जिगर म्हणतात. ही पिसूच, जेमतेम एक मिलिमीटरची. मादी कातडीत डोकं खुपसून शिरते आणि मागचं टोक तेवढं बाहेर ठेवते. तुम्हाला दिसतोय तो काळा ठिपका बहुधा तेच. तिथूनच ती श्वास घेते, तिथूनच अंडी टाकते. पोट अंड्यांनी फुगत जातं आणि चार-सहा आठवड्यांत ती आतच मरते. मूळची अमेरिका खंडातली. १८७२ मध्ये ब्राझीलहून आलेल्या जहाजातून अंगोलात उतरली आणि तिथून आफ्रिकेत पसरली.

घरी कोरलं तर ती फुटते, तुकडे आत राहतात, पाय सुजतो, पू होतो. धनुर्वाताची भीती वेगळीच. आमच्याकडे अनवाणी मुलं यायची, बोटं टेकवत नसत, टाचांवर चालायची. फार वाईट वाटायचं. आजच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि युगांडाचं नाव पहिल्या वाक्यात घ्या, नाहीतर तेही कुरूपच समजतील. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. दोन्ही टाचा, तळवे, बोटांच्या बेचक्या उजेडात नीट बघा, सहसा एकटी नसते.

रामबागची आई:
सिस्टर, तुमचंच खरं निघालं! डॉक्टरांनी अख्खी काढली. दुसऱ्या पायाच्या करंगळीखाली आणखी एक सापडली. घरात कुत्रा आहे, त्याला होईल का?

निवृत्त सिस्टर:
कुत्र्यांनाही होते, पण मुलाच्या पायातून थेट नाही. अंडी जमिनीवर पडतात आणि कोरड्या, वाळूसारख्या मातीत वाढतात. फरशी रोज पुसा, त्याचे मोजे गरम पाण्यात धुवा, तिकडून आणलेले बूट बाहेर झटका. कुत्र्याचे पंजे महिनाभर बघत राहा.