समुद्राकाठच्या घराला कमी सिमेंटचं काँक्रीट: सळई टिकेल की सडेल?

मांडवीकाठ (धागाकर्ता)
मोरजीला आतेभावाच्या घराचं काम निघालंय. आरएमसीवाला (तयार काँक्रीट पुरवणारा) निम्म्या सिमेंटच्या जागी स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड, घातलेलं मिक्स द्यायला तयार आहे, पण कंत्राटदार अडून बसलाय: "५३ ग्रेडचं ओपीसीच (साधं पोर्टलँड सिमेंट) पाहिजे, बाकी सगळी राख-माती." गोव्यात हे सगळीकडे ऐकायला मिळतं. माझं मत नेमकं उलट आहे. लाटांचा आवाज येतो तिथे निव्वळ ओपीसी वापरणं हाच वेडेपणा.

काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो, म्हणून सळईवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि गंज थांबतो. हा थर दोघंच मोडतात. एक मीठ, म्हणजे क्लोराइड, आणि दुसरा हवेतला कार्बन डायऑक्साइड. किनाऱ्यावर पहिला वैरी मीठच. स्लॅगने छिद्रं बारीक होतात, शिवाय त्यातलं अ‍ॅल्युमिना क्लोराइडला बांधून ठेवतं, त्यामुळे मीठ सळईपर्यंत पोचायला कितीतरी जास्त वर्षं लागतात. एलसी३ या नव्या मिश्र सिमेंटचंही तेच. त्यात साधारण ५० टक्के क्लिंकर (सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ माल), ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडी आणि बाकी जिप्सम. २०२३ पासून त्याला आयएस १८१८९ हे भारतीय मानकही आहे, म्हणजे आता तो प्रयोगशाळेतला खेळ राहिलेला नाही.

सेंट्रिंगवाला
वाचायला छान आहे हो. साइटवर या एकदा.

स्लॅग असो की भाजलेली माती, दोन्ही चुना खातात. तुमचा तो पीएच टिकवणारा साठा हाच चुना. तो कमी पडला की कार्बोनेशन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने चुना मरत जाणं, झपाट्याने आत शिरतं. फोंड्याला एका पोर्चचा स्लॅब दुरुस्तीला आला होता, समुद्रापासून लांब, मिठाचा प्रश्नच नाही. पोपडा काढला, ताज्या तुटक्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलीन मारलं (पीएच शाबूत असेल तिथे ते गुलाबी होतं). मधोमध गुलाबी, सळईभोवती पांढरं ते पांढरंच. सळईचे पापुद्रे नखाने निघत होते. मिक्स फ्लाय अ‍ॅशचं, म्हणजे कोळशाच्या राखेचं होतं.

आणि पाणी कोण मारणार? काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ ओपीसीला किमान ७ दिवस म्हणतं, मिश्र सिमेंटला १०, शक्यतो १४. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी गोणपाट सुकलेलं असतं आणि पाइप दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

मांडवीकाठ
@सेंट्रिंगवाला, त्या पोर्चला कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, किती होतं, ते सांगा ना बाब.

सेंट्रिंगवाला
१२ मिमी असेल.

मांडवीकाठ
मग दोष सिमेंटला का देता? कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. कव्हर अर्धं केलं की मुदत चौथाईवर येते. किनाऱ्याच्या हवेत आयएस ४५६ ४५ मिमी सांगतं. १२ मिमीवर कुठलंच सिमेंट वाचवणार नाही.

जुनापूल
५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल कोसळला, तोही गंजामुळे. दीड दशकातच! अजून नवे प्रयोग हवेत?

गंजतपासनीस
@जुनापूल, तो पूल प्रीस्ट्रेस्ड होता. त्यातल्या ताणलेल्या केबल गंजल्या. बंगल्याच्या स्लॅबला तो दाखला लागू नाही. आणि एलसी३ तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

मुद्द्याचं बोलतो. कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलं म्हणजे घर गेलं, हा समज निम्माच खरा. गंजाला पाणी लागतं. कोरड्या दिवाणखान्यातलं बीम पूर्ण कार्बोनेट होऊनही वर्षानुवर्षं ठणठणीत राहतं. उलट पावसाळ्यात छिद्रं पाण्याने भरली की कार्बन डायऑक्साइड आत जवळजवळ शिरतच नाही. तो शिरतो कोरड्या महिन्यांत, आणि पुढच्या मृगात गंज कामाला लागतो. म्हणून आपल्याकडे आधी फुटतात ते छज्जे, पॅरापेट आणि बाल्कनीच्या कडा. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होतं, त्यात काँक्रीट उकलतं. माझं म्हणणं, पाया आणि खालचे कॉलम स्लॅगमध्ये बिनधास्त करा. छज्ज्याला आधी पाणपट्टी (पाणी खालून आत वळू न देणारी खाच) आणि उतार नीट द्या, सिमेंटचा वाद नंतर घाला.

एक इशारा. स्लॅगच्या काँक्रीटवर हाफ-सेल मीटर (सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज देणारं यंत्र) लावून कुणी घाबरवलं तर लगेच तोडफोड करू नका. त्यातलं सल्फाइड ऑक्सिजन खातं, त्यामुळे उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली, म्हणजे गंज सुचवणारा, आकडा दिसतो आणि सळई मात्र स्वच्छ असू शकते. सेंट्रिंग काढल्यावर आत निळसर-हिरवी झाक दिसते ना, ती याच सल्फाइडची. थोडं फोडून डोळ्यांनी बघा, मग ठरवा.

सेंट्रिंगवाला
झाक पाहिलीय. मालक पाहतो आणि "शेवाळ कसं आलं" म्हणून पैसे अडवतो.

स्लॅग नको म्हणण्याचं खरं कारण कुणी लिहीत नाही, मी लिहितो. ताकद सावकाश येते, सेंट्रिंग उशिरा निघतं, साच्याच्या प्लेटा अडकून राहतात. तो खर्च कोण देणार?

रेतीवाली
सिमेंटवरून भांडताय, पण रेती कुठली घेताय? खाडीतली न धुतलेली रेती घातली तर मीठ पहिल्या दिवसापासून सळईला चिकटलेलं. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, हे आयएस ४५६ मध्येच आहे. सप्लायरकडे चाचणीचा कागद मागितला की समोरचा हसतो. तरी मागाच.

मांडवीकाठ
@रेतीवाली, मागतो, लेखी.

सेंट्रिंगवाला
मग असं करा. बिलात पाणी मारण्याची वेगळी ओळ घाला, १४ दिवसांची मजुरी द्या, प्लेटांचं वाढीव भाडं द्या. तेवढं मान्य असेल तर स्लॅगचं मिक्स ओततो. नसेल तर मी ओपीसीच ओतणार, तुम्ही इथे कितीही लिहा.

मांडवीकाठ
आतेभावाला विचारलं, तो द्यायला तयार आहे. कव्हर ब्लॉक मात्र ४५चे, आणि स्लॅब ओतण्याआधी मोजून घेणार.