मदत हवी आहे: एमआरआयच्या डीटीआयमध्ये घोस्ट (इमेजची सरकलेली फिकट प्रत) येतोय, एडी करंट (ग्रेडियंट कॉइल्सचं क्षेत्र बदलताना धातूत उठणारे प्रवाह) की आणखी काही?

रंकाळाकाठ:
कोल्हापुरातलं ३ टेस्ला एमआरआय मशीन. ब्रेन डीटीआय (मेंदूत पाणी कोणत्या दिशेनं पसरतं ते टिपणारा स्कॅन), बी १००० (पसरण्याचं वजन; बी ० म्हणजे ते नसलेली इमेज), ३२ दिशा, मॅट्रिक्स १२८, फेज एपी (पुढून मागे), पॅरलल फॅक्टर २ (एक सोडून एक ओळ घेतो), एको स्पेसिंग (दोन ओळींमधला वेळ) ०.७ मिलिसेकंद. बी ० स्वच्छ येते, पण बी १००० ला मेंदूवर फिकट कमान चढलेली दिसते. एफए मॅपला (पसरणं किती एकाच दिशेला आहे त्याचा नकाशा) कडेनं पांढरी किनारही आहे. इंजिनियर पुण्याहून यायचाय, ग्रेडियंट कॅलिब्रेशन करू म्हणतोय. तोवर काय बघून ठेवू?

पाचगाव_फिजिक्स:
आधी अंतर मोजा, मग ग्रेडियंटला दोष द्या. फॅक्टर २ असताना सम-विषम ओळींचा घोस्ट एफओव्हीच्या (फेज दिशेतल्या इमेजच्या पूर्ण लांबीच्या) निम्म्यावर नाही, पावावर पडतो. तुमच्याकडे ३२ पिक्सेल, आणि दोन्ही बाजूंना. कमान कवटीबाहेरच्या फॅटचीही असू शकते, त्याचं गणित वेगळं. फॅक्टर २ मुळे प्रभावी एको स्पेसिंग निम्मं, ०.३५ गुणिले १२८ म्हणजे ४४.८ मिलिसेकंद, पिक्सेलला साधारण २२ हर्ट्झ. ३ टेस्लाला फॅट ४४० हर्ट्झ लांब, म्हणजे २० पिक्सेल सरकणार, तेही एकाच बाजूला. बी ० स्वच्छ आहे यावर जाऊ नका. बी १००० ला मेंदूचा सिग्नल निम्म्यावर येतो, फॅट जवळपास तेवढंच राहतं. मग उरलंसुरलं फॅटही डोळ्यात भरतं.

रंकाळाकाठ:
मोजलं. १९-२० पिक्सेल, एकाच बाजूला. पण किनारीचं काय?

पाचगाव_फिजिक्स:
कमान फॅटचीच. शिम बॉक्स (जिथं चुंबकीय क्षेत्र सारखं करायचं तो भाग) मेंदूपुरता आवळून परत शिम करा, सायनस आत घेऊ नका. स्लाइस ग्रेडियंट रिव्हर्सलची (फॅट दाबायची युक्ती) सोय असेल तर चालू करा.

मिरजकर_तिकटी:
किनार एडी करंटची किंवा पेशंट हलल्याची. फँटमवर (पेशंटऐवजी ठेवायची द्रवाची बाटली) घ्या म्हणजे हलण्याचा प्रश्नच मिटतो. साधं पाणी नको राव, खोलीच्या तापमानाला बी १००० ला त्याचा सिग्नल १३ टक्क्यांच्या आसपास उरतो, कडा सापडत नाहीत. सिलिकॉन ऑइल घ्या, फॅट सॅट (फॅटचा सिग्नल दाबणं) बंद ठेवा, सेंटर फ्रिक्वेन्सी त्याच्यावरच लावा. मग डिफ्युजन ग्रेडियंट एक्स, वाय, झेड प्रत्येकी अधिक आणि उणे दिशेनं लावून इमेज घ्या. एपी फेजला एक्समुळे इमेज तिरकी होते, वायमुळे ताणते किंवा आखडते, झेडमुळे प्रत्येक स्लाइस वेगवेगळी सरकते. कोणता अक्ष बिघडलाय ते इंजिनियरला इमेजसकट दाखवा.
बायपोलर स्कीमनं (उलटसुलट ग्रेडियंटच्या जोड्या) एडी करंट बरेच कमी होतात, पण टीई (एको वेळ) वाढतो, सिग्नल जातो. मोनोपोलरच (एकच जोडी) ठेवणार असाल तर पीए (उलट, मागून पुढे) दिशेची एक बी ० जास्तीची घ्या आणि एफएसएल या सॉफ्टवेअरमध्ये आधी टॉपअप (क्षेत्रामुळे आलेला ताण सुधारणारा प्रोग्राम), मग एडी (एडी करंट आणि हलणं सुधारणारा प्रोग्राम) चालवा. एडीनं हलणं सुधारताना इमेज फिरवल्यावर बी-व्हेक्टरचीही (३२ दिशांची यादी) फिरवलेलीच फाइल पुढच्या फिटिंगला द्या, इथंच बरेच जण चकतात.

रंकाळाकाठ:
ऑइल मागवतो. इमेज इथंच टाकतो.